हा कॅमेरा कुठला?



"मॅडम, हा कॅमेरा कुठला आहे?" असं आमच्या सहावीतल्या एका मुलाने मला विचारलं. त्याचं उत्तर मी दोनदा दिलं आणि दोन्ही वेळा चुकले. कशी चुकले ते आधी सांगते, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही असं मला वाटतं. आपण शाळेत प्रश्न ज्या पद्धतीने विचारतो, त्या पद्धतीतच ती आहे.

'इतिहासाची साधने' हा पाठ सहावीला शिकवताना मी दरवर्षी मुलांना घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगते. अडकित्ता येतो, कंदील येतो, पायली-शेराची मापं येतात. यंदा एक मुलगा आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटी उघडली की पुढे लोहाराच्या भात्यासारखी काळी घडी बाहेर येते, तिच्या टोकाला भिंग, मागे दुधी काच. फोटो काढताना डोक्यावर काळं फडकं घ्यायचे, तो हा कॅमेरा. त्याचे आजोबा जत्रेत आणि लग्नात फोटो काढायचे. या मुलाने आजोबांना पाहिलेलं नाही. तो जन्मायच्या आधीच ते गेले.

मी भिंगाभोवतीच्या कड्यावरची अक्षरं वाचली. कार्ल झाइस, येना. म्हटलं, "अरे वा, हा जर्मनीचा!" वर्ग एका सुरात "ओऽऽ" झाला. मुलाने पुठ्ठ्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आजोबांचा जर्मन कॅमेरा'. चार दिवस तो वर्गाचा राजा होता.

पुढच्या आठवड्यात जुन्या कॅमेऱ्यांतलं कळणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी फोटो दाखवला. त्यांनी मोबाइलवर बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाले, "जर्मनीचा कुठला? पेटी एकीकडची, भिंग दुसरीकडचं. जोडलेला माल आहे. डुप्लिकेट." मी शहाण्यासारखी वर्गात गेले आणि जसंच्या तसं सांगून टाकलं. खरं तेच सांगायचं ना मुलांना! मधल्या सुट्टीत त्या मुलाने कॅमेरा लुगड्यात गुंडाळला आणि दप्तरामागे ठेवून दिला. पाटी मला शाळा सुटल्यावर कचऱ्याच्या डब्यात सापडली.

'जर्मन' हे उत्तर चूक होतं, आणि 'डुप्लिकेट' हेही चूकच होतं. दोन्ही उत्तरांनी धरून चालवलं होतं की वस्तू एकाच जागची असते. तशी नसेल तर ती खोटी. 'पुढील प्रश्नांची एका शब्दात उत्तरे लिहा' असं वर्षानुवर्षं विचारून आपली नजरच तशी झाली आहे. कॅमेऱ्यात मात्र तीस-चाळीस भाग असतात आणि प्रत्येक भागाला 'तू कुठला?' असं वेगळं विचारावं लागतं.

रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आजी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी जे बोलले होते ते तिच्या कानावर गेलेलं होतं. रागावली नाही, पण म्हणाली, "बाई, ह्या डब्यावर आम्ही तिघांची लग्नं केली. खोट्या डब्यावर होतात का?" मला काही बोलता आलं नाही. मुलाने कॅमेरा पुन्हा आणायचं कबूल केलं, पण एका अटीवर. "तुम्ही आधी सांगायचं नाही. आम्ही बघणार."

मग आम्ही बघितलं. दोन आठवडे, आठवड्याला दोन तास. फळ्यावर रेघ मारून एका बाजूला 'नक्की' आणि दुसऱ्या बाजूला 'अंदाज' असं लिहिलं. मुलं काय म्हणतील ते त्यातल्या एका बाजूला टाकायचं, आणि कारण सांगितल्याशिवाय काहीही 'नक्की'त जाणार नाही, असा नियम केला.

सुरुवात भिंगापासून केली, कारण बोलकं तेच होतं. कड्यावर टेसार हे नाव, ४.५ हा आकडा, १३.५ सेंमी आणि एक लांबलचक क्रमांक. टेसार ही भिंगाची रचना झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ मध्ये केली. झाइसच्या क्रमांकांवरून साल काढायच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यांत आमचा क्रमांक १९२०च्या दशकात बसला. याद्या दोनचार वर्षांनी इकडेतिकडे होतात म्हणून दुसरा पुरावाही शोधला. भिंग ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं तर प्रतिबिंब पांढरं दिसतं. माझ्या चष्म्यावर किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मात्र निळसर-जांभळी झाक दिसते. ती झाक काचेवरच्या पातळ थराची. झाइसने या थराचं पेटंट १९३५ मध्ये घेतलं आणि त्याचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. आमच्या भिंगावर थर नाही. म्हणजे जुनं आहे, हे दोन वाटांनी कळलं.

भिंग ज्या शटरमध्ये बसवलंय त्यावर दुसरंच नाव, कॉम्पूर. कॉम्पूर शटर म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यात १९१२ पासून बनत. वेग ठरवायची छोटी चकती समोर वरच्या बाजूला आहे. १९३०च्या आसपास ही चकती जाऊन भिंगाभोवती फिरणारं कडं आलं. म्हणजे शटरही साधारण त्याच काळातलं. त्यावर बारीक अक्षरात डी.आर.पी. असं होतं. एकजण ओरडला, "टीआरपी!" ते जर्मन पेटंटचं लघुरूप आहे म्हटल्यावर हिरमुसला.

इथे एका मुलीने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "मॅडम, भिंग येनाचं आणि शटर म्युनिकचं, तर मग नवा होता तेव्हापण जोडलेलाच होता ना?" होता ना! त्या काळात बहुतेक कॅमेरा कंपन्या पेटी आपली करत, शटर डेकेलकडून किंवा गॉटियरकडून घेत, भिंग झाइसकडून किंवा गोएर्झकडून. दुकानात काचेआड चकचकीत उभा असलेला 'अस्सल' कॅमेराही चार गावांचा असे. आपण त्याला डुप्लिकेट म्हणत नाही, कारण त्यावर एका कंपनीची पाटी असते. हे माझ्या आधी सहावीच्या मुलीला सुचलं.

आता पेटी. मागच्या चौकटीत बसणारी प्लेट मोजली, पावणेपाच बाय साडेसहा इंच. याला फोटोग्राफर हाफ प्लेट म्हणत. हे इंचाचं, इंग्रजी माप. जर्मन प्लेटा सेंटिमीटरच्या असत, ९ बाय १२, १३ बाय १८. तेव्हा पेटी जर्मन मापाची नाही, हे 'नक्की'त गेलं.

यापुढचा भाग गणिताच्या तासाला करावा असा आहे. साध्या कॅमेऱ्यात भिंगाचं नाभीय अंतर आणि प्लेटचा कर्ण साधारण सारखे असतात. मुलांनी कागदावर हाफ प्लेटचा आयत काढून पट्टीने कर्ण मोजला. आठ इंच. आणि भिंग १३.५ सेंमीचं, म्हणजे सव्वापाच इंचांच्या थोडं पुढे. हे भिंग या पेटीला तोकडं पडतं. पूर्ण प्लेटवर फोटो काढला तर चारही कोपरे काळे येतील. म्हणजे कारखान्यातून ही जोडी एकत्र बाहेर पडलेली नाही. हेही 'नक्की'.

तो मुलगा पुन्हा गप्प झाला. मला वाटलं, गेलं सगळं. पण पेटीच्या आत हात घालणाऱ्या पोराला काळ्या पुठ्ठ्याची एक चौकट सापडली. कडा ब्लेडने कापलेल्या, मधली खिडकी सव्वातीन बाय सव्वाचार इंच. ही क्वार्टर प्लेट. तिचा कर्ण काढला तर सव्वापाच इंचांच्या थोडा पुढे! भिंगाला बरोबर. म्हणजे भिंग तोकडं आहे हे आजोबांना माहीत होतं आणि त्यांनी मोठ्या पेटीतच छोटी खिडकी बसवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मुलगा घरातल्या अल्बममधले तीन जुने फोटो घेऊन आला. मोजले. तिन्ही फोटो क्वार्टर प्लेटच्या मापाचे, आणि चारही कोपरे स्वच्छ.

ज्याला आम्ही डुप्लिकेट म्हणत होतो ते एका माणसाने मोजूनमापून केलेलं काम होतं. कर्णाचा नियम त्यांना कोणी शिकवला होता की डोळ्यांनी कळला होता, कोण जाणे.

बाकीच्या भागांवर नाव नव्हतं, पण खुणा होत्या. भाता चामड्याचा असायला हवा होता, तो रेक्झिनचा निघाला आणि घड्या चिकटवलेल्या नव्हत्या, शिवलेल्या होत्या. टाका पाहून एका मुलीने लगेच ओळखलं की हे पाकीट-पिशव्या शिवणाऱ्या मशीनचं काम, कारण तिच्या घरी तोच धंदा आहे. स्क्रू सगळे एका खाचेचे, फक्त दोन स्टारचे. स्टारचा स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाला, आपल्याकडच्या दुकानांत त्यानंतर बराच उशिरा आला. म्हणजे तो कोपरा नंतर कधीतरी उघडला गेला. दुधी काच मूळची नाही. खिडकीच्या साध्या काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून घासली की अशी होते, आणि कडेला घासायचं राहून गेलेलं एक बोटभर स्वच्छ काचेचं पट्टं तिथेच आहे.

आणि भाता पुढेमागे करायची पितळी मूठ. तिचं काही केल्या जमेना. कुणी म्हणालं तांबटाकडून घडवून घेतली असेल; नाशकात हे पहिलं सुचणारच, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव आपलं. 'अंदाज'च्या बाजूला लिहून ठेवलं. मग आजीला वर्गात बोलावलं. ती आली, मूठ हातात घेतली आणि हसायला लागली. "अहो, ही माझ्या स्टोव्हच्या पंपाची! मी सगळं घर पालथं घातलं होतं हिच्यासाठी." पन्नासएक वर्षांपूर्वीची चोरी वर्गात उघडकीला आली. फळ्यावरचा तांबट पुसून टाकावा लागला.

भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं असे तीन प्रकार आपण पाठ करून घेतो. एका लाकडी पेटीत तिन्ही होती: वस्तू, कड्यावरची अक्षरं आणि आजी. आजीने आणखी एक गोष्ट सांगितली. हे भिंग मुंबईच्या चोरबाजारातून आणलं होतं, आणि "तेव्हा नवं मिळायचंच नाही, मिळालं तर परवडायचं नाही." हे तिच्या एकटीच्या घरचं नव्हतं. युद्धाच्या काळात आयातीवर निर्बंध आले, स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिले. परदेशी माल आणायला परवाना लागे. छोट्या गावातल्या फोटोग्राफरला कोण परवाना देणार? मोडलेल्या एका कॅमेऱ्याचं भिंग, दुसऱ्याची पेटी आणि घरातला स्टोव्ह, हाच त्यांचा कारखाना.

आता जरा मोठ्या माणसांकडे वळू. आपल्या जिल्ह्यात कॅमेरा म्हटलं की दादासाहेब फाळक्यांचं नाव निघतंच. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. शेवट नाशिकमध्ये, १६ फेब्रुवारी १९४४ला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण सहली नेतो आणि 'पहिला भारतीय चित्रपट - राजा हरिश्चंद्र, १९१३' एवढं वहीत उतरवून परत आणतो. पण तो चित्रपट ज्या कॅमेऱ्याने काढला तो विल्यमसन कंपनीचा, फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन घेतलेला. कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि तिच्या कडेची भोकं पाडलेली नसत. ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके घरी बसून करत. म्हणजे यंत्र इंग्लंडचं, फिल्म बाहेरची, भोकं सरस्वतीबाईंची, गोष्ट आपल्या पुराणातली. तरी चित्रपट भारतीयच, आणि त्यात काही खोटं नाही. 'कुठला?' या प्रश्नाचं उत्तर लांब असू शकतं, एवढंच.

त्याहून जवळचं उदाहरण कोल्हापूरचं आहे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलत भाऊ. नाटकांचे पडदे रंगवत म्हणून आडनावच पेंटर झालं. 'राजा हरिश्चंद्र' पाहून दोघांना सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत घेतला आणि त्यावर चित्रपट दाखवता दाखवता ते यंत्र शिकत गेले. आनंदराव स्वतः कॅमेरा जुळवायच्या खटपटीत होते. १९१६ मध्ये ते अकाली गेले. काम अर्धं राहिलं. ते बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून पुरं केलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभच उभा आहे.

प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा शिकता येतो, हे मुलांना जरूर सांगा, फार आवडतं. दोन्ही यंत्रांचं काळीज एकच. फिल्म सलग पळवायची नसते. एक चित्र खिडकीसमोर आणायचं, क्षणभर थांबवायचं, मग पुढचं. थांबलेलं असतानाच उजेड सोडायचा, सरकताना झाकायचा. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. ल्युमिएर बंधूंच्या १८९५च्या यंत्रात तर कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकच होते. तेव्हा जुन्या बाजारातला प्रोजेक्टर हे त्या दोन पडदे रंगवणाऱ्यांचं पाठ्यपुस्तक होतं. फक्त ते वाचायला आधी उघडावं लागत होतं.

आपण या कॅमेऱ्याला 'स्वदेशी' म्हणतो, आणि म्हणावंच. पण मग माझा प्रश्न असा आहे, की कोल्हापुरात जुन्या बाजारातून सुरुवात झाली तर ती स्वदेशी, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी चोरबाजारातलं भिंग बसवलं तर डुप्लिकेट, हे कसं? बाबूरावांचं काम कितीतरी पटीने मोठं होतं, त्यात वादच नाही. पण कामाची जात एकच आहे. फरक इतकाच की एकाचा स्तंभ झाला आणि दुसऱ्याचं नाव त्याच्या नातवाच्या वर्गातही कुणाला ठाऊक नव्हतं.

याचा अर्थ सगळं जोडलेलं चांगलं, असा कुणी घेऊ नये. खोटे कॅमेरे असतात. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आपल्या शिक्षकांच्या कामाची आहे. सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञ मकारेंको यांचं नाव आपल्यापैकी काहींनी डी.एड.ला ऐकलं असेल. युक्रेनमधल्या खारकीव्ह इथे अनाथ, रस्त्यावरच्या मुलांसाठी असलेल्या वसाहतीत ते काम करत. त्या वसाहतीतल्या मुलांनी जर्मन लायका कॅमेरा उघडून, शिकून, १९३४ पासून तसाच कॅमेरा बनवायला सुरुवात केली. ही नक्कलच होती. पण त्यावर लायका असं लिहिलेलं नव्हतं; फेड असं स्वतःचं नाव होतं, जेर्झिन्स्की या नेत्याच्या आद्याक्षरांवरून. पुढे अनेक वर्षांनी कुणी तरी हेच फेड आणि तसलेच झोर्की कॅमेरे घेऊन मूळ नाव खोडलं, वर लायका कोरलं आणि शौकिनांना महाग विकलं. हे खोटे. जाणकार भिंग काढून आत बघतात: लायकात अंतर मोजणाऱ्या दांडीच्या टोकाला छोटं गोल चाक असतं, या कॅमेऱ्यांत बहुधा तिथे पाचरीसारखं टोक असतं. नाव बदलता येतं, पण आतलं टोक बदलायला कुणाला वेळ नसतो.

मुलांना मी हे सांगितलं तेव्हा नक्कल, जोड आणि फसवणूक या तिघांतला फरक त्यांनी माझ्याहून लवकर पकडला. अनाथ मुलांनी नक्कल केली, आजोबांनी जोड केली, नाव खोडणाऱ्याने फसवलं. "आजोबांनी झाइसचं नाव पेटीवर नाही लिहिलं," असं तो मुलगा स्वतःच म्हणाला. खरंच, पेटीवर काहीच लिहिलेलं नाही. समोरच्या फळीवर दोन बारीक छिद्रं आणि त्यांच्यामध्ये लाकडाचा एक फिकट आयत आहे, जिथे पूर्वी कुणाची तरी पाटी होती.

ही पाटी कुणाची, यावर वर्गात भरपूर भांडणं झाली. लाकूड सागवान आहे म्हणून पेटी भारतीय, असं निम्म्या वर्गाचं मत. पण इंग्लंडच्या कंपन्याही उष्ण देशांसाठी सागवानी पेट्या करत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकून, कारण आपल्या उन्हात आणि पावसात सरसाचे सांधे सुटत. केरळात अलप्पुळा इथे १९४०च्या दशकात वागीश्वरी नावाचे लाकडी कॅमेरे बनू लागले होते, हे सांगितल्यावर सगळ्यांना ती पेटी वागीश्वरीच हवी झाली. हवी झाली म्हणून होत नाही. तो मुद्दा 'अंदाज'मध्येच राहिला, आणि फळ्यावरचं तेच वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

वर्गात हा उपक्रम करायचा असेल तर कॅमेराच हवा असं नाही. सायकल, मिक्सर, शिवणयंत्र, पिठाची गिरणी, काहीही चालेल. मात्र उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल अशी वस्तू घेऊ नका. शिक्षकाला उत्तर माहीत असलं की मुलं वस्तूकडे बघत नाहीत, आपल्या तोंडाकडे बघतात. मी पहिल्या दिवशी कड्यावरची अक्षरं वाचली नसती तर चार दिवसांचं राज्य आणि त्यानंतरची ती मधली सुट्टी, दोन्ही त्या पोराच्या वाट्याला आली नसती.

पालकांना एक हात जोडून विनंती. जुनी वस्तू शाळेत पाठवायच्या आधी ती पितांबरीने लख्ख करू नका. आमच्या कॅमेऱ्याचा एक कोपरा त्या मुलाच्या आईने प्रेमाने घासलाच होता. तिथली पट्टी आता इतर तीन कोपऱ्यांच्या काळाची आहे की नंतरची, हे रंगावरून सांगता येत नाही. स्क्रू उघडून पाहायचा मोह आवरा. भंगारवाल्याला द्यायचीच असेल तर द्या, घरात जागा नसते हे मलाही कळतं, पण द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात एकदा ती वस्तू द्या आणि शेजारी बसा. स्टोव्हची मूठ मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

प्रदर्शनाच्या दिवशी त्या मुलाने नवीन पाटी केली. एका पुठ्ठ्यावर मावेना म्हणून दोन जोडले. भिंग: येना, जर्मनी. शटर: म्युनिक, जर्मनी. पेटी: इंग्रजी मापाची, कुठली ते माहीत नाही. भाता: रेक्झिन, बहुतेक नाशिक. काच: खिडकीची, आजोबांनी घासली. आतली चौकट: आजोबा. मूठ: आजीचा स्टोव्ह. खाली आजोबांचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे त्याने 'जोडणार' असं लिहिलं. मी 'दुरुस्ती करणारे' असा शब्द सुचवला होता. तो त्याला पटला नाही.

आजीने पाटी वाचून घेतली आणि विचारलं, "मूठ परत मिळेल का?" स्टोव्ह तर कधीच मोडीत गेला. तरी मुलाने ती काढून द्यायची तयारी दाखवली. आजीच मग नको म्हणाली.

सध्या वर्गात एक हातमशीन आलंय. चाकावर एक नाव आहे, पायथ्यावर दुसरं, आणि सुईजवळचा एक भाग सायकलच्या स्पोकचा आहे असं दोघीजणींचं म्हणणं आहे. 'अंदाज'मध्ये लिहून ठेवलंय.